तू नेमका कुठला? दख्खनमधली मिश्र घरं आणि त्यांतली मुलं



वाळूजला इतिहासावर बोलायचं म्हटलं की लोक म्हणतात, इथे कसला इतिहास, इथे तर कारखाने. 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि वाळूजचं वाळूज झालं, अशी एक समजूत आहे. पण कारखाने आले म्हणजे माणसं आली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या वस्त्यांतून चक्कर मारा. बीड-परभणीकडचे लोक आहेत, विदर्भातले आहेत, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधून आलेले आहेत. माणसं शेजारी राहिली की लग्नंही होतात. मग आई गंगापूर तालुक्यातली आणि बाप गोरखपूरकडचा, असं एखादं लेकरू शाळेत जातं. तिथे दुसरं लेकरू त्याला विचारतं, "तू नेमका कुठला रे?" घरी येऊन ते आईला विचारतं. आईला चटकन उत्तर सुचत नाही.

या व्याख्यानमालेसाठी आम्हाला विषय दिला गेला तो हाच: मिश्र घरातली मुलं, आणि वंशाचे, जातीचे, रंगाचे प्रश्न. पाश्चात्त्य देशांत यावर पुष्कळ बोललं जातं, तिथे शब्द असतो 'रेस'. आपल्याकडे त्याला एकच शब्द नाही. वंश आहे, जात आहे, वर्ण आहे, मूळ आहे, मुलूख आहे. यातला कुठला शब्द कधी पुढे येतो ते प्रसंगावर अवलंबून असतं. आज आम्ही जे मांडणार आहोत ते थोडक्यात असं: "तू कुठला?" हा प्रश्न मुलाच्या रक्तातून येत नाही. तो कुठल्या तरी दारातून येतो. नोकरीचं दार, वारशाचं दार, दरबाराचं दार. दार बदललं की प्रश्न बदलतो. याचे पुरावे लांब शोधायला नकोत. आपण ज्या नगर रस्त्यावर राहतो, त्याच्या दोन टोकांनाच पुष्कळसे आहेत.

एका टोकाला अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. 1490 मध्ये तिथल्या निजामशाहीचा पाया घालणारा मलिक अहमद कोणाचा मुलगा? फेरिश्ता हा इतिहासकार निजामशाहीच्या आणि नंतर आदिलशाहीच्या पदरी होता. तो सांगतो की अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, मूळ घराणं पाथरीचं, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं. लहानपणी तो बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि वाढत वाढत वजीर झाला. पुढे त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशहाशी पाथरीसाठी भांडला, कारण काय, तर ते आपल्या वाडवडिलांचं गाव. आता बघा, सुलतान झाला, धर्म बदलला, तीन पिढ्या उलटल्या, तरी पाथरीचं नाव घरात टिकून होतं. कोणीतरी ते मुलांना सांगत आलं असणार, त्याशिवाय ते टिकत नाही.

दुसरं उदाहरण विजापूरचं. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान परदेशातून आलेला. त्याची बायको फेरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. त्यांचा मुलगा इस्माईल 1510 मध्ये लहान वयात गादीवर आला. म्हणजे बाप परदेशी आणि आई मराठा. त्या काळात दख्खनच्या दरबारात दोन तट होते. इराण-तुराणकडून आलेले ते आफाकी किंवा गरीब (म्हणजे परदेशी), आणि इथे रुळलेले ते दख्खनी. आफ्रिकेतून आलेले हबशी बहुधा दख्खनींच्या बाजूला असत. हबशी बाप आणि इथली आई यांच्या मुलांना वेगळा शब्दच होता, मुवल्लद. शब्द होता म्हणजे अशी मुलं नजरेत भरण्याइतकी होती, आणि त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं ही कोणाला तरी चिंता होती.

या इस्माईलने काय करावं? दख्खनींना आणि हबश्यांना चाकरीत घ्यायचं नाही, असा नियम केला. परदेशी बापांची इथे जन्मलेली मुलं, त्यांनासुद्धा पुष्कळ काळाने मुभा मिळाली. म्हणजे ज्याची स्वतःची आई मराठा, तोच इथल्या आईच्या मुलांना दाराशी थांबवत होता! यात विसंगती दिसते, पण दरबाराच्या हिशेबाने नाही. तो लहान असताना कमालखान या दख्खनी सरदाराने गादी बळकावण्याचा डाव केला होता, आणि त्यातून त्याला वाचवणारे परदेशी होते. त्या भांडणातून नियम आला, आणि त्याला रंग मात्र जन्माचा दिला गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

आता रस्त्याच्या या टोकाला येऊ. आपलं शहर वसवलं मलिक अंबरने, 1610 मध्ये, खडकी या गावाच्या जागी. नहर-ए-अंबरी त्याची, भडकल दरवाजा त्याचा. 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार फिरला, आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतः हबशी, तोही एकेकाळी गुलाम. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. त्याची बायको बीबी करीमा, हीही सिद्दी. दोघांच्या कबरी खुलताबादला आहेत, शेजारी शेजारी.

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला, त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. तो मुर्तझा निजामशहा दुसरा. एका गुलामाची लेक सुलतानाची राणी झाली. पण त्या घरात एक थोरली राणीही होती, इराणी वंशाची, गोरी.

पुढची हकिकत आपल्याला पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याकडून कळते. तो 1617 मध्ये मलिक अंबरला येऊन भेटला होता. तो लिहितो की थोरल्या राणीने अंबरच्या मुलीला टाकून बोललं. तू काय, काळी गुलाम बाई, राजाची ठेवलेली. आणि तुझा बाप तर राजाशी बंड करणारा, अशा अर्थाचं ते बोलणं. मुलीने बापाकडे निरोप पाठवला. बाप इतका संतापला की त्याने सुलतानावरच विषप्रयोग करवला. सुलतान गेला, ती राणीही गेली. 1610 ची ही गोष्ट. त्यानंतर गादीवर आलं एक पाच वर्षांचं पोर, बुऱ्हाण निजामशहा तिसरा.

आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण इथे सावध राहिलं पाहिजे. ब्रूक घटनेनंतर सात वर्षांनी लिहितोय, ऐकीव लिहितोय. अंबर आणि मुर्तझा यांच्यात सत्तेवरून आधीपासून बेबनाव होता. तेव्हा सुलतान केवळ एका शिवीमुळे गेला असं आम्ही म्हणणार नाही. पण ही गोष्ट लोक तशी सांगत होते, आणि ऐकणाऱ्याला ती पटत होती, हा स्वतंत्र पुरावा आहे. म्हणजे दख्खनच्या जनानखान्यात रंग आणि गुलामी यांवरून मुलीला हिणवलं जाणं लोकांना अगदी ओळखीचं होतं. आपण कधी कधी अभिमानाने म्हणतो की आपल्याकडे गोरं-काळं नव्हतं, ते इंग्रजांनी आणलं. तसं नाही. जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख करताना त्याच्या काळ्या तोंडावरून बोलतो. अंबरच्या तोडलेल्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्रही त्याने काढून घेतलं. चित्रातच, कारण प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही. 1626 मध्ये तो म्हातारपणाने वारला.

पण याच्या शेजारी दुसरी बाजू ठेवा. त्याच अंबरच्या फौजेत मराठे सरदार होते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. त्यांनी काही अंबरला "तू कुठला?" विचारून चाकरी केली नाही. रणांगणात जो प्रश्न आड आला नाही, तो घरात, सवतींच्या भांडणात, वारसाच्या प्रश्नात लगेच वर आला. म्हणून आम्ही म्हणतो, प्रश्न कोण विचारतंय यापेक्षा तो कुठल्या दाराशी उभं राहून विचारतंय, ते बघा. आणि त्या मुलीचं काय झालं? अंबरची लेक एवढीच तिची ओळख आपल्यापर्यंत येते. तिच्यावरून राज्य हललं, पण तिला स्वतःला काय वाटलं, हे लिहायला कोणी थांबलं नाही.

आता दीडशे-दोनशे वर्षं पुढे. आपला भाग निजामाकडे गेलेला. हैदराबादच्या आधी निजामाची राजधानी इथेच होती. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक आले, त्यांनी इथल्या बायकांशी संसार केले, मुलं झाली. सुरुवातीला ही मुलं कंपनीच्या नोकरीत जात. 1791 मध्ये कंपनीने नियम केला की हिंदी आईच्या मुलाला मुलकी, लष्करी वा आरमारी नेमणूक मिळणार नाही. 1795 मध्ये आणखी आवळलं: आई आणि बाप दोन्हींकडून युरोपीय नसेल तर लष्करात फक्त ढोल-बासरी वाजवणारा किंवा घोड्याला नाल मारणारा होता येईल. एका पिढीचे भाऊ, थोरल्याला नोकरी मिळालेली, धाकट्याला बंद. रक्त तेच, नियम नवा.

जेम्स स्किनर हा यातलाच. बाप स्कॉटिश, आई राजपूत, जन्म 1778. कंपनीत जागा नाही म्हणून शिंद्यांच्या फौजेत गेला. 1803 मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, त्याच युद्धातली असईची लढाई आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात झाली. तेव्हा शिंद्यांच्या फौजेतल्या फ्रेंच सेनापतीने इंग्रज रक्ताचा म्हणून त्याला काढून टाकलं. इकडे हिंदी म्हणून नको आणि तिकडे इंग्रज म्हणून नको! पुढे त्याच्या घोडदळाला मोठं नाव मिळालं. पण आज आम्हाला त्याच्या आईबद्दल बोलायचंय. त्याच्या आठवणींत आहे की बापाने मुलींना शिकायला शाळेत पाठवायचं ठरवलं. पडद्यातल्या मुली बाहेर जाणार, आपल्या राजपूत घराण्याची अब्रू गेली, असं आईला वाटलं, आणि तिने जीव दिला. शाळा वाईट होती का? नाही. पण घरात दोन रीती असताना एकाने दुसऱ्याला न विचारता मुलांचं ठरवून टाकलं. मिश्र घरातला खरा धोका बाहेरच्या शिवीत जितका असतो, तितकाच या न बोलण्यातही असतो.

हैदराबादचंच दुसरं घर बघू. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा तिथला इंग्रज रेसिडेंट. त्याने खैरुन्निसा या खानदानी घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. दोन मुलं: साहिब आलम आणि साहिब बेगम. 1805 मध्ये ही दोघं विलायतेला पाठवली गेली, मुलगा जेमतेम चार-पाच वर्षांचा, मुलगी तीनची. निघण्यापूर्वी मद्रासला जॉर्ज चिनरीने दोघांचं चित्र काढलं, हैदराबादी पोशाखातलं. त्याच वर्षी बाप वारला. विलायतेत 1806 मध्ये दोघांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा झाला विल्यम, साहिब बेगमची झाली कॅथरीन, म्हणजे किटी. आईची आणि मुलांची पुन्हा भेट झाली नाही. खैरुन्निसा 1813 मध्ये गेली.

या मुलांना कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चांगलं शिकवलं, चांगल्या घरात वाढवलं. फक्त अर्धं आयुष्य कापून टाकलं, त्यांच्याच भल्यासाठी म्हणून. काय झालं? किटी मोठी झाली, लग्न झालं, मुलंबाळं झाली, आणि 1840 च्या सुमारास योग आल्यावर तिने हैदराबादेतल्या आजीशी, शर्फुन्निसाशी पत्रव्यवहार सुरू केला. आजीची पत्रं फारशीत, नातीची इंग्रजीत, मध्ये भाषांतर करणारे. पस्तीस वर्षं उलटली होती, तरी ती बाई आईची आठवण विचारत होती. भेट झालीच नाही. पाथरीचं नाव तीन पिढ्या घरात राहिलं, आणि इथे एका पिढीत पुसायला बघितलं तर तेही पुसलं गेलं नाही. मुलाचं अर्धं मूळ लपवून प्रश्न मिटत नाही, तो पुढे ढकलला जातो.

शिवाय आपल्या मराठीत काय शब्द आहेत बघा. संकर, बाटगा, आणि अक्करमाशी. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे म्हणजे एक कमी, म्हणजे खोटा तोळा. लग्नाबाहेर, वेगळ्या जातींच्या आईबापांपासून झालेल्या माणसाला मोजायला सोनाराचं माप! शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 मध्ये तोच शब्द आपल्या आत्मकथेला नाव म्हणून दिला. आई महार, बाप पाटील; आणि शाळेत बापाचं नाव काय लावायचं, हा प्रश्न त्या पुस्तकात ठसठसत राहतो. शिवी आपणच हातात घेऊन वर धरली की मारणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. पण ते सगळ्यांना जमावं, अशी अपेक्षा लेकराकडून करू नये.

आता कोणी म्हणेल, हे सगळं समाजाचं झालं, पण वंशाला शास्त्राचा काही आधार असेलच ना? इथे इरावती कर्वे यांची गोष्ट सांगितली पाहिजे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला संशोधनाला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. या फिशरचं नाव कशामुळे झालं होतं? जर्मनांच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, रेहोबोथला, बोअर पुरुष आणि खोई स्त्रिया यांच्या वंशजांची मापं घेऊन 1913 मध्ये त्यांनी एक ग्रंथ लिहिला. मिश्र मुलांवरचं ते मोठं शास्त्र समजलं गेलं, आणि अशी लग्नं नकोत या म्हणण्याला त्याचा आधार घेतला गेला. त्यांनी इरावतीबाईंना काम दिलं: कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो का ते बघा. युरोपीय कवटी या बाबतीत वेगळी, म्हणून बुद्धीही वेगळी, असा त्यामागचा तर्क. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असा वंशभेद आढळत नाही. गुरूच्या म्हणण्याविरुद्ध, परक्या देशात, पंचविशीत.

पुढे त्याच संस्थेतल्या तज्ज्ञांच्या तपासण्यांवरून 1937 मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या शेकडो मुलांची सक्तीने नसबंदी केली गेली. बाप फ्रेंच फौजेतले आफ्रिकी सैनिक, आई जर्मन, एवढाच त्या मुलांचा गुन्हा. मोजपट्टी हातात असलेल्या दोन माणसांनी काय केलं, हे दोन्ही आपण मुलांना सांगायला हवं.

शेवटी आजच्या कायद्याकडे येऊ, कारण आज दाराशी उभा आहे तो तहसील कचेरीचा रकाना. आपल्या राज्यघटनेत कलम 366 मध्ये अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे: बाप किंवा बापाकडचा पूर्वज युरोपीय असला पाहिजे. आई युरोपीय आणि बाप हिंदी असेल तर तो त्या व्याख्येत बसत नाही. या समाजासाठी लोकसभेत दोन नेमलेल्या जागा होत्या, त्या 2020 पासून संपल्या. दार मिटलं, आणि व्याख्येचं महत्त्वही तेवढंच ओसरलं.

जातीच्या दाखल्याचंही असंच होतं: बापाची जात तीच मुलाची. 18 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या रमेशभाई दाभाई नायका यांच्या खटल्यात यात फरक केला. आई आदिवासी, बाप नाही. न्यायालय म्हणालं की बापाची जात गृहीत धरता येईल, पण तो शेवटचा शब्द नव्हे. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाने त्याला आपलं मानलं, आणि त्या समाजाच्या वाट्याची अवहेलना त्यानेही सोसली, हे दाखवता आलं तर ते विचारात घ्यावं लागेल. म्हणजे मूल कोणाचं, हे रक्त तपासून नाही, ते कसं वाढलं हे बघून ठरवायचं. चारशे वर्षांत दख्खनच्या दरबारांना आणि कंपनीला जे सुचलं नाही, ते एका निकालपत्रात आलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी हा निकाल वकिलाकडून समजून घ्या.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यांतला एक प्रश्न आणि उत्तर.)

प्रश्न: हे सगळं ठीक आहे सर, पण माझी मुलगी दुसरीत आहे. तिला मलिक अंबर सांगून काय उपयोग? तिला शाळेत "तू मराठी नाहीस" म्हणतात.

उत्तर: ताई, तिला मलिक अंबर नका सांगू, आजोळ आणि वडिलांचं गाव सांगा. दोन्ही गावांची नावं, दोन्हीकडच्या आजीची नावं, दोन्हीकडची एकेक गोष्ट, दोन्ही भाषांतली एकेक म्हण तिच्याजवळ असू द्या. मग ती "मराठी नाहीस" याला "मराठी आहे आणि भोजपुरीपण येते मला" असं म्हणेल. हे झालं खेळातल्या प्रश्नाचं. लेकरं कुतूहलाने विचारतात, त्यावर चिडायचं नाही. पण तोच प्रश्न शिक्षकाने, घरमालकाने, कारकुनाने विचारला, आणि त्यावर तिची बाकाची जागा, खोली किंवा दाखला ठरणार असेल, तर उत्तर तिने द्यायचं नाही. ते तुम्ही दोघांनी जाऊन द्यायचं, आणि लेखी मागायचं. अंबरच्या मुलीला बापाकडे निरोप पाठवावा लागला, तेव्हा बापाने जे केलं ते आपण करणार नाही आहोत. पण मुलीने निरोप पाठवला तर तो ऐकणारं कोणी घरात असलं पाहिजे. आणि तो निरोप येण्याआधी तुम्ही दोघांनी, नवरा-बायकोने, एकमेकांशी बोलून ठेवा. स्किनरच्या घरात तेच राहून गेलं होतं.